अंगणातली बायोगॅसची टाकी : अकरा महिन्यांनंतर

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात सकाळी साडेसहाला बटाट्यांचं पातेलं चढवलं आणि बायोगॅसची शेगडी दोनदा फडफडून विझली. बाहेर जाऊन पाहिलं तर टाकीवरचा ड्रम, जो आत गॅस साठला की वर उचलला जातो, चांगला हातभर वर आलेला. म्हणजे गॅस आहे, पण शेगडीपर्यंत येत नाही. त्या दिवसापासून पुढचे सव्वीस दिवस मी जे सोसलं, त्यासाठी हा अनुभव लिहिते आहे. टाकी घेण्याच्या विचारात असाल तर शेवटपर्यंत वाचा.

आमचं कोथरूडला डहाणूकर कॉलनीत छोटं पोळी-भाजी केंद्र आहे. रोज साठेक डबे जातात. घर तळमजल्यावर, मागे थोडं अंगण. गेल्या पाडव्याला २८,००० रुपये देऊन टाकी बसवली. खाली १००० लिटरची टाकी आणि तिच्यात उपडा तरंगणारा ७५० लिटरचा ड्रम, असा हा प्रकार. टाकीत खरकटं कुजून गॅस होतो, तो ड्रममध्ये साठतो आणि नळीने शेगडीला येतो. ग्रामीण तंत्रज्ञानावर काम करणाऱ्या, डॉ. आनंद कर्वे यांच्या आरती (ARTI) संस्थेने हे शेणाऐवजी खरकट्यावर चालणारं छोटं संयंत्र इथेच पुण्यात तयार केलं आणि २००६ मध्ये त्यासाठी स्वच्छ ऊर्जेच्या कामाला दिला जाणारा ब्रिटनमधला ॲशडेन पुरस्कार मिळवला. मी मात्र टाकी दुसऱ्या एका विक्रेत्याकडून घेतली. पुढची सगळी तक्रार त्या विक्रेत्याची आहे, तंत्राची नाही.

एप्रिल-मे महिने अगदी दृष्ट लागण्यासारखे गेले. उरलेल्या पोळ्या भिजवून, बटाट्याची सालं, भाताची पेज, परातीला चिकटलेली कणीक, सगळं जुन्या मिक्सरमधून काढून रोज चारेक किलो टाकीत. कांद्याची आणि लिंबाची सालं नाहीत, तेलकट रस्सा नाही. दुपारपर्यंत ड्रम वर टेकायचा. तासभर शेगडी चालायची. तेव्हा मी ओळखीच्या चार जणींना फोन करून सांगितलं की डोळे मिटून टाकी घ्या. ते मत मी आता बदललं आहे, ते का ते पुढे येईलच.

तर जानेवारी. विक्रेत्याकडे फोन केला. तिकडच्या मुलाने पहिल्याच वाक्यात सांगितलं, "मॅडम, तुम्ही जास्त टाकताय, टाकी आंबट झाली." आठ दिवस काही टाकू नका म्हणाला. मी बारा दिवस टाकलं नाही. रोजचं चार किलो खरकटं परत कचऱ्याच्या बादलीत गेलं. जीव तुटत होता. ड्रम तसाच वर. पुन्हा फोन, पुन्हा तेच उत्तर. तिसऱ्या वेळी म्हणाले, माणूस पाठवतो, व्हिजिटचे १,२०० रुपये होतील, वॉरंटीत फक्त टाकी येते. माणूस आला, ड्रम गोल फिरवून पाहिला, शेणाची एक बादली ओता म्हणाला आणि पैसे घेऊन गेला. नळीला त्याने हातही लावला नाही.

शेवटी नळ दुरुस्तीला आलेल्या प्लंबरकाकांनी सहज पाहिलं. "वहिनी, नळीला झोळ आलाय इथे." खिडकीखाली नळी वीतभर खाली लोंबत होती. त्यांनी शेगडीकडचं टोक सोडून नळी खाली धरली आणि तिच्यातून कपभर गढूळ पाणी आलं, सडक्या अंड्याच्या वासाचं. नळी परत लावली, काडी ओढली, आणि निळी ज्योत उभी राहिली. मला रडूच आलं.

कारण साधं आहे. टाकीतून येणारा गॅस दमट असतो. थंडीत रात्री नळी गार पडते आणि आतल्या वाफेचं पाणी होऊन झोळात साठतं. सिलिंडरच्या गॅसला मागे जोर असतो. इथे जोर फक्त ड्रमच्या वजनाचा, तो चार बोटं उंच पाण्याला हटवू शकत नाही. म्हणून नळीच्या सगळ्यात खालच्या जागी एक टी (तीन तोंडांचा जोड) आणि एक छोटा कॉक लागतो, पाणी सोडायला. काकांनी तो बसवला. सामानाचे १४० रुपये. २८,००० रुपयांच्या वस्तूत विक्रेत्याने १४० रुपयांचा भाग दिला नाही, आणि तीन फोनमध्ये एकदाही विचारलं नाही की बाई, ड्रम वर आहे की खाली?

हा एक प्रश्न सगळ्यांनी पाठ करा. ड्रम वर आहे आणि शेगडीला गॅस नाही, तर दोष नळीत. ड्रम वरच येत नाही, तर गॅस तयार होत नाही किंवा कुठेतरी गळतोय. गॅस येतोय, आवाजही येतोय, पण पेटत नाही, तर टाकी आंबट झाली आहे. तेव्हा टाकणं थांबवायचं आणि शेणकाला घालायचा. जे मला सांगितलं ते या तिसऱ्या दुखण्याचं औषध होतं आणि माझं दुखणं पहिलं होतं.

आता पैशांचं. ड्रम काठोकाठ भरला तरी त्यातला गॅस साधारण ३०० ग्रॅम एलपीजीचं काम करतो. रोज भरला तर महिन्याला नऊ-दहा किलो, म्हणजे व्यवसायाच्या १९ किलोच्या सिलिंडरचा अर्धा. आम्हाला महिन्याला चार लागतात. मे महिन्यात खरोखर अर्धा वाचला. पावसाळ्यात त्याहून कमी, डिसेंबरात तर पाव. पोळ्यांच्या तव्याला ही आंच पुरत नाही. बटाटे उकडणं, डाळ शिजवणं, पाणी तापवणं एवढंच. त्यामुळे सिलिंडर वाचवायला म्हणून घेत असाल तर घेऊ नका. पैसे वसूल व्हायला चार वर्षं तरी जातील.

मग मी ठेवली का? बादलीमुळे. कचरा घ्यायला 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेच्या ताई येतात. आधी आमच्या दोन ओल्या बादल्या भरायच्या, आता एक अर्धी. त्या बारा दिवसांत जेव्हा बादल्या पुन्हा भरल्या, तेव्हा ताई ती जड बादली गुडघ्याचा टेकू देऊन ढकलगाडीत उपडी करत होत्या. ते मी दारात उभी राहून पाहिलं. कचरा डेपोजवळच्या उरुळी देवाची आणि फुरसुंगी गावांच्या लोकांनी आपल्या शहराच्या कचऱ्याचा वास वर्षानुवर्षं सोसला, त्यात आमच्या केंद्राचा वाटा रोजचा होता. तो कमी होतोय याचं मोल मी हिशेबात धरते, आणि ते सिलिंडरपेक्षा मोठं आहे.

बाकी थोडक्यात. पावसाळ्यात ड्रम आणि टाकीच्या फटीतल्या पाण्यात डास होतात, मी जुन्या मच्छरदाणीची पट्टी गोल बांधली. थंडीत खरकटं कुकरमधल्या उरलेल्या कोमट पाण्यात कालवून टाकते, फरक पडतो. बाहेर येणारं पाणी पातळ करून आळूला आणि कढीपत्त्याला घालते. शेजारच्या आजी जास्वंदीसाठी तांब्याभर नेतात.

विक्रेत्याला नळीचा आणि कपातल्या पाण्याचा फोटो पाठवला, १,२०० रुपये परत मागितले. "नोंद घेतली आहे" एवढं उत्तर आलं. तुम्ही टाकी बसवून घेताना शेवटचा हप्ता देण्याआधी कॉक कुठे आहे ते बोट लावून दाखवायला सांगा. मी रोज सकाळी कणीक मळायच्या आधी तो उघडते. आज दीड चमचा पाणी निघालं. रविवारी काका येऊन सगळी नळी टाकीकडे उतार देऊन पुन्हा बांधणार आहेत.