एसटीच्या पासवरच कळायला पाहिजे होतं

डेपोतल्या खिडकीवरच्या मॅडमनी विद्यार्थी पासच्या फॉर्मवरचा कॉलेजचा शिक्का उलटसुलट पाहिला, रजिस्टर चाळलं आणि फॉर्म परत सरकवला. "हे कॉलेज आमच्याकडे नाही रे." आमचं कॉलेज म्हणजे एक क्रीडा अकॅडमी. तिथं येऊन ती चालवणाऱ्या सरांना सांगितलं तर ते हसले. "आपलं विद्यापीठ बाहेरच्या राज्याचं. एसटीवाल्याइले काय समजते त्यातलं? अन् खेळाडू माणसाले पास कायले पाह्यजे बे, धावत येत जाय!" सगळे पोट्टे हसले. मीही हसलो, आणि तीन वर्षं पूर्ण तिकीट काढून एसटीत बसलो.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा तालुक्यातला. घरी पाच एकर कोरडवाहू, कपाशी आणि तूर. शाळेत १५०० मीटर धावायचो. अकरावीत असताना एका स्पर्धेत मांडीचा मागचा स्नायू फाटला, तेव्हा आमच्याच शिक्षकांनी बाम चोळचोळून दिला. ताज्या फाटलेल्या स्नायूला चोळायचं नसतं, हे मला कितीतरी उशिरा कळलं. पण तेव्हाच डोक्यात बसलं की शरीर कसं चालतं, कशानं मोडतं, हे शिकायचं. गावातली बाकी पोरं पोलीस भरतीच्या १६०० मीटरमागे होती. मला भरतीत जायचं नव्हतं, ट्रेनर व्हायचं होतं.

२०२१ साली बारावीची परीक्षाच झाली नाही, मूल्यमापनावर पास झालो. त्याच पावसाळ्यात हे सर मैदानावर आले. ट्रॅकसूट, गळ्यात शिट्टी, हातात गुळगुळीत माहितीपत्रक. स्पोर्ट्स सायन्स आणि अ‍ॅथलेटिक ट्रेनिंगची (म्हणजे खेळाडूची दुखापत टाळणं, सांभाळणं) तीन वर्षांची पदवी, सोबत 'अमेरिकन सर्टिफिकेट', पास झालं की शाळेत क्रीडाशिक्षक, नाहीतर थेट क्रिकेट संघाबरोबर. पहिल्या वर्षाची फी ४२,०००, किटचे ६,५००, 'पात्रता शुल्क' म्हणून ३,००० वेगळे. पावती मिळाली ती एका क्रीडा मंडळाला दिलेल्या देणगीची. बाबांनी विचारलं, "फीच्या पावतीवर देणगी काहून लिवली?" त्यावर सर म्हणाले, "काका, टॅक्सचा विषय हाये तो." टॅक्स म्हटलं की आमच्याकडे माणूस गप्प बसतो.

दुसऱ्या हप्त्यासाठी बाबांनी दिवाळीतच कापूस विकला. जानेवारीत भाव दहा हजारांवर गेला. बाबा अजूनही त्या कापसाचंच काढतात, फीचं काढत नाहीत.

लोक विचारतात, तीन वर्षं कळलं कसं नाही? अहो, मैदान खरं होतं. पहाटे पाचला वॉर्मअप, ड्रिल, फार्टलेक (कधी जोरात, कधी हळू असं सलग धावणं), टेकडीवरचे चढ. माझं १५०० चं टायमिंग आठ सेकंदांनी सुधारलं. रोज घाम गाळणाऱ्या माणसाला आपला कागद खोटा असेल असं वाटत नाही. थिअरी म्हणजे शनिवारी गाइडचे झेरॉक्स. 'एक्सरसाइज फिजिऑलॉजी लॅब' म्हणून एक खोली होती, तिच्यात मोटर जळालेली ट्रेडमिल आणि बीपीचं एक मशीन. सर स्वतःला 'एनआयएस कोच' म्हणवत. एनआयएस म्हणजे पतियाळाची राष्ट्रीय क्रीडा संस्था. तिथं कोचिंगचा डिप्लोमा वेगळा आणि सहा आठवड्यांचा सर्टिफिकेट कोर्स वेगळा, हे तेव्हा आम्हाला कोण सांगणार? सरांच्या भिंतीवरचा कागद सहा आठवड्यांचा होता. फ्रेम मात्र मोठी होती.

मे २०२३ ची गोष्ट सांगतो, कारण तिथं मला पहिल्यांदा भीती वाटली. पारा ४५ च्या घरात, आणि सरांनी सकाळी साडेदहाला टेकडीवर रिपीट, म्हणजे तोच चढ पुन्हा पुन्हा धावणं, लावले. सुटीवरून दोन दिवसांपूर्वी परतलेली पोरंही त्यात होती. उन्हाची सवय अंगाला हळूहळू लागते, एक-दोन आठवडे जातात, हे या विषयाच्या कोणत्याही पुस्तकात असतं. एक पोरगा बरळायला लागला आणि पडला. अंगाला हात लावला तर तवा. सरांनी कांदा फोडून नाकाला लावला आणि "गाडी बोलवा, गाडी बोलवा" सुरू केलं. बाजूच्या वावरातले एक आबाजी धावत आले. त्यांनी काही विचारलं नाही, पोराला उचलायला लावलं आणि बैलांना पाणी पाजायच्या हौदात मानेपर्यंत बसवलं. डोकं हातात धरून ठेवलं. वीसेक मिनिटांनी पोरगा नाव सांगायला लागला, मग दवाखान्यात नेला. वाचला. नंतर मी स्वतःच वाचत सुटलो तेव्हा सापडलं: व्यायामानं आलेल्या उष्माघातात आधी थंड पाण्यात बुडवा, मग हलवा, हाच अ‍ॅथलेटिक ट्रेनिंगमधला पक्का नियम. आमच्या अख्ख्या अकॅडमीत तो फक्त त्या आबाजींना माहीत होता.

तरीही मी कॉलेज सोडलं नाही. उलट त्याच पावसाळ्यात तीन पोरं नवीन आणली. हे लिहायला सगळ्यात जड जातंय. एका प्रवेशामागे २,००० रुपये मिळत. सर त्याला 'स्कॉलरशिप' म्हणत. खरी स्कॉलरशिप कधी मिळालीच नव्हती: महाडीबीटी या सरकारी शिष्यवृत्तीच्या पोर्टलवर फॉर्म भरताना कॉलेजच्या यादीत आमचं नाव यायचंच नाही. सर म्हणायचे, "आपण ऑटोनॉमस आहो." ऑटोनॉमस म्हणजे स्वायत्त. मला तो शब्द आवडला होता. मी त्या तीन पोरांच्या घरी जाऊन, चहा पिऊन, तोच शब्द वापरला.

२०२४ च्या उन्हाळ्यात शेवटची गुणपत्रिका हातात आली. चकचकीत, होलोग्रामवाली. ती घेऊन बी.पी.एड.ची, म्हणजे क्रीडाशिक्षकाच्या पदवीची, चौकशी करायला अमरावतीला गेलो. तिथल्या एका बाबूंनी कागद उजेडात धरला आणि मला बसायला सांगितलं. बसायला सांगितलं तेव्हाच पोटात गोळा आला. ते म्हणाले, विद्यापीठ खरं आहे, खासगी आहे, यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) यादीत आहे. पण खासगी विद्यापीठाला संलग्न कॉलेज काढताच येत नाही. २००३ च्या नियमांनी ते एकसंध असतं, म्हणजे बाहेरची कॉलेजं त्याला जोडता येत नाहीत. राज्याबाहेर केंद्र काढायचं तर यूजीसीची मंजुरी लागते. मग शेजारच्या छत्तीसगडची गोष्ट सांगितली: तिथं २००२ च्या कायद्यानं विद्यापीठांचं पीक आलं होतं, २००५ मध्ये सुप्रीम कोर्टानं शंभरावर विद्यापीठं एका निकालात रद्द केली. "तुमच्यासारखी पोरं तेव्हाही इथं बसून गेली," म्हणाले. आणि शाळेत क्रीडाशिक्षक व्हायचं तर पदवीनंतर दोन वर्षांचं, एनसीटीईची (शिक्षक घडवणाऱ्या अभ्यासक्रमांना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय परिषदेची) मान्यता असलेलं बी.पी.एड. लागतं. महाराष्ट्रात त्याला सीईटी, म्हणजे प्रवेश परीक्षा आहे, मैदानी चाचणीसकट. माझ्या तीन वर्षांच्या कागदावर, तो खरा असता तरी, शाळेत नोकरी नव्हतीच.

अमरावती आमच्या गावापासून एसटीनं दोन-अडीच तासांवर. हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ ही शारीरिक शिक्षणाची संस्था तिथं १९१४ पासून आहे. त्यांचं पथक १९३६ ला बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी आपले खेळ दाखवून आलं. मी तीन वर्षं रोज दुसऱ्या दिशेची गाडी पकडत होतो.

अमेरिकन सर्टिफिकेटचंही नंतर पाहिलं. तिकडे अ‍ॅथलेटिक ट्रेनर व्हायला आता मास्टर्स लागते. बॅचलर पातळीवरचे नवे प्रवेश २०२२ नंतर बंदच झाले. म्हणजे आम्हाला विकलेला माल तिकडच्या दुकानातूनही उठला होता.

यूजीसीला दहा रुपयांचा माहिती अधिकाराचा अर्ज टाकला. उत्तर आलं: या विद्यापीठाला महाराष्ट्रात केंद्राची मंजुरी दिलेली नाही. तो एक कागद नसता तर पोलीस स्टेशनात कोणी बसूही दिलं नसतं. आधी दोनदा "फीचा वाद आहे, ग्राहक मंचात जा" म्हणून परत पाठवलं होतं. गुन्हा जुलै २०२४ पासूनच्या नव्या फौजदारी कायद्याच्या आधीचा म्हणून फसवणुकीचं जुनं कलम ४२० च लागलं. देणगीच्या पावत्या तिथं नडल्या, कारण त्यांवर 'फी' हा शब्द कुठंच नाही. कामी आले ते फोनवरचे मेसेज, ज्यात सरांनी 'सेकंड इयर फी बाकी' असं स्वतः लिहिलं होतं. कोणाचं अजून अशा ठिकाणी चालू असेल तर भांडायच्या आधी मेसेज जपून ठेवा, आणि मूळ टीसी-गुणपत्रिका आत असतील तर काहीतरी निमित्त काढून बाहेर काढा. मूळ कागद अडकवून ठेवायला यूजीसीची मनाई आहे, पण कपाटाची किल्ली सरांकडे असते. माझी टीसी अजून तिथंच आहे, दुय्यम प्रत काढली.

सरांनी मला १८,००० परत केले, तेही केस मागे घे म्हणून. पैसे घेतले, केस मागे घेतली नाही.

त्यातून आणि सोयाबीनच्या हंगामात मळणी यंत्रावर काम करून, मी आणलेल्या तिघांपैकी दोघांना थोडे थोडे दिले. तिसऱ्याच्या घरी पोळ्याच्या दिवशी गेलो. त्याचे वडील बैलांच्या शिंगांना रंग लावत होते. मी पैसे काढले तर त्यांनी हात पुढे केला नाही. "ठेव तुह्याजोळ," म्हणाले. "पोट्ट्याले अमरावतीले टाकतो म्हनतो. तूच संग जाजो, अन् या टायमाले कागद पाहूनच सही करजो." मग रंगाचा डबा माझ्या हातात दिला आणि दुसऱ्या बैलाकडे बोट दाखवलं.