गाला, चिक, एलिगंट: क्रूझवरच्या फॉर्मल जेवणाचे कपडे, काही महिने वापरल्यावर

आधी संच काय होता ते. पुरुषासाठी मिडनाइट ब्लू (काळपट गडद निळ्या) रंगाचा टू-पीस सूट (हाय-ट्विस्ट लोकर, चौरस मीटरला साधारण 270 ग्रॅम), दोन पांढरे शर्ट, एक काळा बो टाय, एक गडद टाय, काळे ऑक्सफर्ड बूट. स्त्रीसाठी काळ्या मॅट जर्सीचा (चमक नसलेल्या, लवचिक विणीच्या कापडाचा) पायघोळ ड्रेस, वरून घालायचं टिकल्यांचं जॅकेट, रुंद टाचेच्या सँडल आणि एक शाल. पुरुषाचं सामान तीन किलोच्या आसपास, स्त्रीचं दोन. हेच कपडे काही महिने वेगवेगळ्या कंपन्यांच्या जहाजांवर वापरले. टक्सीडो, म्हणजे साटिनच्या लेपलचा (कोटाच्या पुढच्या दुमडलेल्या पट्टीचा) डिनर जॅकेट आणि त्याची पँट, मुद्दामच घेतला नव्हता. तो निर्णय बरोबर होता की नाही, हे जहाजागणिक बदलतं, म्हणून आधी नियमांकडे वळू.

फॉर्मल नाइट (सफरीतली खास सजून जेवायला जायची रात्र) हा शब्द बऱ्याच क्रूझ कंपन्यांनी गुंडाळून ठेवलाय. नॉर्वेजियनने 2000 साली फ्रीस्टाइल आणलं तेव्हाच जेवणाची ठरलेली वेळ, ठरलेलं टेबल आणि सक्तीचा कोट एकदम गेले. सेलिब्रिटीने 2015 च्या अखेरीस फॉर्मल काढून ईव्हनिंग चिक आणलं. कार्निव्हलकडे क्रूझ एलिगंट आहे, हॉलंड अमेरिकाने फॉर्मलचं गाला केलं होतं, क्युनार्डकडे गाला ईव्हनिंग आहे. ओशनिया आणि वायकिंगवर फॉर्मल रात्रच नसते, तिथे रोजच एलिगंट कॅज्युअल. व्हर्जिनवर ड्रेस कोडच नाही, फक्त एका रात्री सगळ्यांनी लाल घालायचं.

या नावांवरून कपडे ठरवायला गेलात की फसलात. हॉलंड अमेरिकाच्या गालामध्ये कॉलरचा शर्ट आणि बरी पँट एवढंच बंधनकारक होतं, कोट-टाय ऐच्छिक. क्युनार्डच्या गालामध्ये डिनर जॅकेट किंवा गडद सूट लागतो, सोबत बो किंवा टाय. शब्द एकच, अपेक्षेत मात्र जमीन-अस्मानाचा फरक. सेलिब्रिटीच्या चिकमध्ये डिझायनर जीन्स चालते आणि ब्लेझर ऐच्छिक आहे. काही ठिकाणी तर नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा अशीच गत आहे.

म्हणून कंपनीच्या संकेतस्थळावर नाव वाचू नका, दोन गोष्टी शोधा. पहिली, काय चालत नाही याची यादी. कार्निव्हलची यादी स्पष्ट आहे: एलिगंट रात्री डायनिंग रूममध्ये शॉर्ट्स, बीचवरच्या चपला, पोहण्याचे कपडे, पुरुषांचे बिनबाह्यांचे शर्ट आणि बेसबॉल कॅप चालत नाहीत. याचा सरळ अर्थ, साधी पँट आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट घातलात तर कुणी हटकणार नाही. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आणि लोक नेमकी तीच बघत नाहीत: नियम कुठे लागू आहे? बहुतेक कंपन्यांवर तो मेन डायनिंग रूमपुरता असतो. जेवून थिएटरला टी-शर्टमध्ये गेलात तरी चालतं. क्युनार्डवर मात्र गाला रात्री संध्याकाळी सहानंतर जवळजवळ सगळ्या जहाजाला नियम लागू होतो, बार आणि नाचाचा हॉलसुद्धा त्यात येतात. ज्याला तयार व्हायचं नाही त्याच्यासाठी मोजक्या जागा उरतात: क्वीन मेरी 2 वर किंग्ज कोर्ट बुफे, गोल्डन लायन पब वगैरे, किंवा मग केबिनमध्ये मागवायचं. म्हणजे तिथे सूट घरी ठेवण्याची किंमत एका जेवणापुरती नसते, अख्खी संध्याकाळ जाते.

हे बदल का झाले याची कारणं साधी आहेत. 2008 मध्ये अमेरिकेतल्या बहुतेक मोठ्या विमान कंपन्यांनी पहिल्या बॅगेचेही पैसे घ्यायला सुरुवात केली आणि बुटांसकट टक्सीडो नेणं महाग झालं. जहाजांवर रेस्टॉरंटं वाढली, कधीही या आणि जेवा ही पद्धत रुळली. चार दिवसांच्या सहलीसाठी कोण तीन किलोचा संच भरेल?

आता कपड्यांकडे.

सूटला आमचे पूर्ण गुण, दोन अटींसह. मिडनाइट ब्लू दिव्यांच्या उजेडात जवळजवळ काळाच दिसतो, पण साधा काळा सूट आणि काळा बो या जोडीची एक गंमत होते: लोक तुम्हाला पाण्याचा ग्लास मागतात. डायनिंग रूमचे कर्मचारी साधारण त्याच वेषात असतात. निळसर छटेने हा घोळ टळतो. हाय-ट्विस्ट लोकरीचा पीळ घट्ट असल्यामुळे बॅगेतून काढून रात्रभर टांगला की सूट सरळ होतो. पॉलिएस्टर मिसळलेला सूट होत नाही, शिवाय कोपरांवर लवकर चमक येते. पँटला पट्टा न लावता बाजूला अ‍ॅडजस्टर करून घेणं ही या संचातली सर्वात शहाणपणाची गोष्ट. ते दोन्ही बाजूंनी मिळून चार-पाच सेंटिमीटर सैल होतात, आणि लांबच्या सफरीच्या दुसऱ्या आठवड्यात ते सेंटिमीटर लागतातच.

पहिली अट इस्त्रीची. कपड्यांची इस्त्री आणि स्टीमर बहुतेक जहाजांवर आगीच्या भीतीने निषिद्ध आहेत. बॅग स्कॅन होताना सापडले की काढून ठेवतात आणि उतरताना परत देतात. क्युनार्ड आणि प्रिन्सेसवर प्रवाशांसाठी लाँड्रीच्या खोल्या असतात, तिथे इस्त्रीही असते. रॉयल कॅरिबियन आणि सेलिब्रिटीवर अशी सोय नाही, तिथे पैसे देऊन कपडे प्रेसिंगला द्यायचे. ते फॉर्मल रात्रीच्या आदल्या दिवशीच द्या, त्याच सकाळी दिले तर वेळेत मिळण्याची खात्री नाही. लाँड्रीची खोली असेल तर सकाळी लवकर जा. दुपारी चारनंतर सगळं जहाज तिथेच असतं. बाथरूममध्ये गरम पाणी सोडून वाफेत टांगण्याचा सल्ला सगळे देतात. लोकरीला त्याचा उपयोग होतो, सुती शर्टाला जवळजवळ शून्य, कारण केबिनच्या बाथरूमचा एक्झॉस्ट वाफ टिकूच देत नाही. डिनर जॅकेट नेत असाल तर त्याच्या साटिनच्या लेपलवर थेट इस्त्री फिरवू नका, मध्ये सुती रुमाल घ्या. नाहीतर साटिनवर इस्त्रीच्या टोकाचा चकचकीत ठसा उठतो आणि तो जात नाही.

दुसरी अट भरण्याची. कोटाचा एक खांदा उलटा करून दुसरा त्यात बसवा, कोट आतलं अस्तर बाहेर येईल असा उभा दुमडा, आणि ड्रायक्लीनिंगच्या पातळ प्लास्टिक पिशवीत घालून मगच बॅगेत ठेवा. प्लास्टिकमुळे थर एकमेकांवर घसरतात, म्हणून चुणी एका जागी बसत नाही.

शर्टांपैकी एक निकालात निघाला. दुहेरी कफचा सुती शर्ट जहाजाच्या लाँड्रीत दिला की मोठ्या गरम ड्रायरमध्ये वाळतो, आणि दोन-तीन धुलाईत कॉलर बंद होईनासा होतो. असा शर्ट गळ्याला अर्धा इंच मोठा घ्या, किंवा नॉन-आयर्न प्रकारचा घ्या. दुसरा शर्ट तसा होता आणि तो अजून जसाच्या तसा आहे. पुढच्या बटणांऐवजी स्टड (वेगळी लावायची सुटी बटणं) लागणारा शर्ट असेल तर दोन जास्तीचे स्टड गोळ्यांच्या डबीत ठेवा. केबिनच्या बाथरूममधल्या बेसिनवर उभं राहून स्टड लावू नका, पलंगावर टॉवेल पसरून लावा.

बो स्वतः बांधायचा घ्या. हुकवाल्या तयार बोचं इलॅस्टिक काही महिन्यांत सैल होतं आणि सूप येईपर्यंत बो तिरका झालेला असतो. कमरबंद (डिनर जॅकेटखाली कमरेला लावायचा चुण्यांचा रुंद पट्टा) घालत असाल तर त्याच्या चुण्या वरच्या बाजूला उघडणाऱ्या हव्यात, अर्धं जग तो उलटा घालतं.

ड्रेस. मॅट जर्सी ही प्रवासासाठी बनलेलीच गोष्ट वाटते: गुंडाळून भरा, टांगा, घाला. अर्धा किलो वजन, इस्त्री नको, केबिनच्या बेसिनमध्ये धुऊन टॉवेलमध्ये पिळलं की सकाळपर्यंत वाळतं. लांबी मात्र ज्या सँडल घालणार त्याच घालून ठरवा आणि जमिनीपासून दोन-तीन सेंटिमीटर वर ठेवा. केबिनच्या बाथरूमला बऱ्याच जहाजांवर उंच उंबरठा असतो, डेककडे उघडणाऱ्या दारांनाही. जहाज थोडं डोललं की पायघोळ ड्रेसचं टोक आणि उंबरठा यांची गाठ पडतेच. टाच पाच-सहा सेंटिमीटर आणि रुंदच हवी. पेन्सिल हील सागवानी डेकच्या फळ्यांमधल्या फटीत रुतते. शालीचा प्रश्न हवामानाचा नाही, एसीचा आहे. कॅरिबियनमध्ये बाहेर घाम येत असताना डायनिंग रूममध्ये खांदे गारठतात.

टिकल्यांच्या जॅकेटने निराशा केली. स्वस्त कापडात टिकल्या साखळी टाक्याने, एकाच सलग धाग्यावर शिवलेल्या असतात. खुर्चीच्या कडेला किंवा पर्सच्या साखळीला एक धागा अडकून ओढला गेला की स्वेटर उसवतो तशी अख्खी ओळ सुटत जाते. काखेखाली आणि पर्स घासते त्या कुशीत हे आधी होतं. धाग्याचं टोक दिसताक्षणी उलट्या बाजूला ओढून गाठ मारा आणि गाठीवर पारदर्शक नेलपॉलिशचा थेंब सोडा, तेवढ्याने ओळ थांबते. पण दर सफरीआधी हे करत बसायचं असेल तर जॅकेट न घेतलेलंच बरं. त्याऐवजी साटिनचं साधं जॅकेट आणि एक ठळक दागिना. हलकंही होतं, आणि शेजारच्या बाईच्या शिफॉनला आपल्या टिकल्या अडकत नाहीत.

केबिनच्या भिंती बहुतेक जहाजांवर पोलादी असतात, त्यामुळे चुंबकी हुक चालतात. पण दहा किलोचा म्हणून विकलेला हुक सरळ ओढला तर दहा किलो धरतो. उभ्या भिंतीवर भार खाली ओढत असतो, तेव्हा त्याच्या जेमतेम चौथ्या-पाचव्या हिश्श्यात तो घसरायला लागतो. सूट त्यावर टांगून निर्धास्त झोपू नका, हँगर कपाटात आणि हुकांवर टोपी, ओळखपत्रं.

सात रात्रींच्या सफरीत सजण्याच्या रात्री साधारण दोन असतात आणि त्या शक्यतो समुद्रातल्या दिवशी ठेवतात, कारण बंदरातून दमून आलेल्या माणसाला बो बांधायला लावणं शक्य नसतं. बहुतेकदा दुसरी रात्र आणि शेवटून दुसरी किंवा तिसरी. पहिल्या रात्री कुणीच सजण्याची अपेक्षा ठेवत नाही. जुन्या लाइनरच्या (समुद्रपार नेणाऱ्या प्रवासी जहाजांच्या) काळीही पहिल्या आणि शेवटच्या रात्री सजायचं नाही असा रिवाज होता, कारण सामान एकतर पोचलेलं नसे नाहीतर बांधून झालेलं असे. आजही बॅगा केबिनच्या दाराशी यायला कधी कधी संध्याकाळ उजाडते, तेव्हा कॉलरचा एक शर्ट आणि पूर्ण पँट हातातल्या बॅगेत असू द्या.

टक्सीडोचं काय? क्युनार्डवर किंवा पी अँड ओ या ब्रिटिश कंपनीच्या फॉर्मल रात्रींना वारंवार जाणार असाल तरच विकत घ्या. गडद सूट आणि टाय तिथे नियमात बसतात, फक्त आजूबाजूला बहुसंख्य डिनर जॅकेटं असतात, आणि ज्याला ते खुपतं त्याने त्याप्रमाणे ठरवावं. एकाच सफरीसाठी भाड्याचा पुरतो. मापं काही आठवडे आधी पाठवायची आणि पँटची लांबी जे बूट घालणार ते घालूनच मोजायची. जहाजावर शिंपी मिळेल या भरवशावर राहू नका. बाकी कंपन्यांसाठी निळा सूटही जास्तच होतो: ब्लेझर, राखाडी लोकरीची पँट आणि एक टाय खिशात.