उलांडीची होडी: आठ महिने वापरल्यावर

होडी घेतली तेव्हा जो तो एकच सांगायचा: उलांडी आहे ना, मग उलटायची भीती नाही. आठ महिने जवळजवळ रोज ती पाण्यात घातल्यावर माझं मत असं झालंय की हे एका बाजूपुरतंच खरं आहे.

आमची होडी १८ फूट लांब आणि मधोमध जेमतेम २ फूट रुंद. डाव्या अंगाला ६ फुटांवर उलांडी, म्हणजे दोन आडव्या दांड्यांना बांधलेला हलक्या लाकडाचा १० फुटी ओंडका. ती नसती तर इतकी अरुंद होडी माणूस चढताच कलंडली असती. पण या अरुंदपणामुळेच ती पाणी कापत जाते. आधीच्या रुंद होडीत जाळ्यापाशी पोचेपर्यंत आम्हा दोघा भावांचे खांदे भरून यायचे, आता तसं होत नाही. फक्त उलांडीला पाणी अडतं, म्हणून नाळ, म्हणजे होडीचं पुढचं टोक, सारखी डावीकडे ओढते. डाव्या बाजूने दोन हात जास्त मारायची सवय लागायला पंधरा दिवस गेले.

आता तोलाचं. पहिल्याच महिन्यात उजव्या काठावरून जाळं ओढत होतो. खाली ते खडकात अडकलं, मी वाकून हिसका दिला आणि मागून भाऊ ओरडला, "दादा, उलांडी उठली!" मी जाळं सोडलं, तो दांडीवर पालथा पडला, तेव्हा कुठे उलांडी धाडकन पाण्यावर आली. त्या रात्री बसून हिशेब मांडला. उलांडीचं वजन २० किलो. ती पाण्याबाहेर उचलली की ६ फुटांवरून २० गुणिले ६, म्हणजे १२० चा तोल देते. मधल्या रेषेपासून फूटभर लांब, उजव्या काठावर ६० किलोची दोन माणसं आली की तेवढाच भार उलट बाजूला पडतो. वर जाळ्याची ओढ. डावीकडे मात्र उलांडी पाण्यात दाबली जाते. तिचा आकार साधारण ६० लिटरचा, म्हणजे स्वतःचे २० किलो वजा जाता पूर्ण बुडेपर्यंत ती आणखी ४० किलो पेलते, तोल २४०. डावीकडे दुप्पट आधार! तेव्हापासून एकाने जाळं ओढायचं आणि दुसऱ्याने दांडीवर बसायचं, असा नेमच केला.

श्रीलंकेच्या ओरू होड्यांवरचे कोळी वाऱ्याचा जोर दांडीवर किती माणसं पाठवावी लागतात त्यावरून सांगत: एका माणसाचं वारं, दोन माणसांचं वारं. हे वाचलं तेव्हा नुसती गंमत वाटली होती, आता ते अंगाला कळतं. ओरूची दोन्ही टोकं सारखी असतात. दिशा बदलताना पुढचं टोक मागचं होतं आणि उलांडी कायम वाऱ्याच्या बाजूलाच राहते. आमच्या होडीत ती सोय नाही. परतताना शीड भरलं की उलांडी वाऱ्याआड येते आणि दाबली जाते. फिलिपिन्सच्या बांका होड्यांसारख्या दोन्हीकडे उलांड्या लावाव्यात, हाही विचार केला. पण मग जाळं कुठूनही ओढा, मध्ये दांड्या येणारच. आमच्या कामाला एकच बरी.

बांधणीबद्दल कळकळीने सांगतो, बोल्ट मारू नका. आम्ही मारले होते. लाटेवर होडी आणि उलांडी आपापल्या तालात हलतात, जोड थोडा खेळता हवा. तिसऱ्या महिन्यात पुढच्या दांडीला बरोबर भोकापाशीच चीर गेली. मग दोरीने बांधलं. नायलॉन भिजलं की ताणतं आणि सैल पडतं, पॉलिएस्टरची दोरी टिकली. रोज निघण्याआधी गाठीवर अंगठा दाबून बघतो.

सहाव्या महिन्यात होडी उजवीकडे जास्त घट्ट वाटायला लागली, पण मागून लाट आली की उलांडीचं टोक खाली घुसून नाळ गर्रकन वळायची. उलांडी सोडून काट्यावर टांगली तर २७ किलो! लाकूड पाणी प्यायलं होतं. उजवीकडचा तोल वाढला होता, पण डावीकडची पेल ४० वरून ३३ वर आली होती. आठवडाभर सावलीत वाळवून तेल पाजलं, तेव्हा ती २२ वर आली. दुसरी उलांडी आता करायला घेतली आहे, थोडी जाड आणि पुढचं टोक वर उचललेलं. एक पाण्यात असेल तेव्हा दुसरी वाळत पडेल.