अल्टोचा हेडलाइट घरीच उघडून केलेला उद्योग, नऊ महिन्यांनंतर

गाडी २०१० ची अल्टो, सेकंड हँड घेतलेली, आणि हेडलाइट निव्वळ नावाला. धायरीहून निघून रात्री कात्रजचा जुना घाट चढायची वेळ आली की समोरून कुणी येत असेल तर बरंच वाटायचं, निदान त्याच्या उजेडात रस्ता दिसायचा. बाबा एकदा शेजारी बसले होते, म्हणाले "अरे लाइट लाव की". लावलेलेच होते.

आधी काच बाहेरून घासून पॉलिश करून घेतली (काच म्हणतो आपण, असतं प्लॅस्टिकच), थोडा फरक पडला. मग टॉर्च मारून आत बघितलं तर डाव्या रिफ्लेक्टरची वाटी (बल्बमागची, उजेड रस्त्यावर फेकणारी चकचकीत वाटी) वरच्या बाजूने करपल्यासारखी झालेली. आधीच्या मालकाने १००/९० चे बल्ब ठोकले होते, मूळचे असतात ६०/५५ वॅटचे (पहिला आकडा लांबच्या हाय बीमचा, दुसरा जवळच्या लो बीमचा). या दोन फिलामेंटच्या एच-फोर बल्बात लो बीमच्या फिलामेंटखाली एक छोटीशी पत्र्याची टोपी असते, त्यामुळे लो बीमचा उजेड रिफ्लेक्टरच्या फक्त वरच्या अर्ध्या भागावर पडतो आणि तिथून खाली रस्त्यावर येतो. म्हणजे माझा नेमका कामाचाच अर्धा भाग गेलेला.

मित्राचं मोबाईल रिपेअरिंगचं दुकान आहे, त्याची हीट गन आणली आणि कडेचा काळा चिकट डिंक मऊ करत करत स्क्रू ड्रायव्हरने काच सोडवली. एक लॉक तुटलं, दीड तास गेला, पण निघाली. इथपर्यंत मी स्वतःवर जाम खूश होतो. आणि मग मी ती वाटी चष्म्याच्या फडक्याने पुसली.

दोन हात मारले असतील, तिसऱ्याला फडकं चंदेरी झालं आणि वाटीत तपकिरी प्लॅस्टिक दिसायला लागलं! ते क्रोम वगैरे काही नसतं हो, व्हॅक्यूममध्ये अॅल्युमिनियमची वाफ करून बसवलेला इतका पातळ थर असतो की बोट लागलं तरी डाग राहतो. हे मला नंतर कळलं.

आता काय, जुगाड. क्रोम स्प्रे मारला, डब्यावर चित्र आरशासारखं होतं, वाळल्यावर रंग आला तो अॅल्युमिनियमच्या जुन्या पातेल्याचा. मग त्यावर डक्टिंगची फॉइल टेप बोटाने घासून घासून बसवली. लांबून झकास दिसत होतं. सोसायटीच्या पार्किंगच्या भिंतीसमोर गाडी लावली तेव्हा खरं काय ते कळलं. उजव्या लाइटचा पट्टा वरून सरळ कापलेला आणि डावीकडे जरा वर चढलेला, आपण डावीकडून चालवतो म्हणून तसा असतो, आणि डाव्या लाइटचा नुसता रांगोळी विस्कटल्यासारखा पसारा. टेपची एकेक सुरकुती उजेड भलतीकडे फेकत होती. तरी मी तशीच चालवली, खेड शिवापूरपर्यंत समोरचा प्रत्येक जण मला डिपर मारत होता आणि मला वाटत होतं की वा, लाइट जोरात पडतोय. दोन महिन्यांनी उष्णतेने टेपचा गोंद सुटला आणि एक कोपरा बल्बला टेकायला आला, तिथे विषय संपवला.

नाना पेठेतून जुना पण वाटी चांगली असलेला डावा लाइट आणला, भाव करून ७०० ला मिळाला. हेच पहिल्या दिवशी केलं असतं तर, जाऊ दे.

जे जमलं ते सांगतो. वाटीच्या भोवतीची जी शोभेची चौकट असते, बेझल, ती दोन्हीकडे मॅट काळी केली आणि ते खरंच देखणं झालंय, बीमला काही फरक नाही. पण माझी घाई नडली, रंग वरून कोरडा लागला म्हणून दुसऱ्याच दिवशी काच परत चिकटवून टाकली आणि लाइट तापल्यावर रंगाची वाफ काचेला आतून धरली, पांढुरका थर. परत उघडा, परत हीट गन. रंग आठवडाभर उन्हात राहू द्या. काच परत चिकटवताना व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन तर अजिबात नको, त्याच्या वाफेने रिफ्लेक्टरचा थर खराब होतो, ब्यूटाइलची (काळ्या चिकट डिंकाची) दोरी मिळते तीच घ्या.

आणि सगळ्यात जास्त उजेड कशाने वाढला असेल तर ५०० रुपयांच्या रिले वायरिंगने (बल्बला करंट थेट बॅटरीवरून जातो, जुना स्विच फक्त रिले चालू-बंद करतो), रिफ्लेक्टरशी ज्याचा काडीचा संबंध नाही. मीटर लावला तर इंजिन चालू असताना बॅटरीवर १३.८ आणि बल्बच्या होल्डरवर १२.१ व्होल्ट, बाकीचे जुन्या वायरीत आणि स्विचमध्ये गायब. हॅलोजनचं असं आहे की व्होल्टेज ५ टक्के घसरलं तरी उजेड १५-१६ टक्के जातो. रिले टाकल्यावर होल्डरवर १३.४ यायला लागले, बल्ब तेच साधे ६०/५५ चे. एलईडी टाक म्हणून मित्र मागे लागलाय, पण ही वाटी फिलामेंटच्या जागेवर बेतलेली असते, एलईडीचा चिप जरा इकडेतिकडे बसला की परत रांगोळी. मी नाही टाकणार.

सध्या कात्रज घाटात वळणावरचे पांढरे दगड नीट दिसतात, डिपर कुणी मारत नाही. उजव्या लाइटच्या खालच्या कोपऱ्यात मात्र सकाळी अजून वाफ धरते, ते उघडायचा आता पार कंटाळा आलाय, बहुतेक मागची हवेची नळी चोंदलीये, रविवारी ती फुंकून बघतो.