कार्निव्हल, शिगमो की शिमगा: कोकणात मिरवणूक बघायला कधी जावं?

निवडीची सुरुवात कॅलेंडरपासूनच करावी लागते. गोव्याचा कार्निव्हल ईस्टरवर अवलंबून. राखेच्या बुधवारच्या, म्हणजे ख्रिस्ती उपासकाळ सुरू होतो त्या दिवसाच्या, आधीचे शनिवार ते मंगळवार, असे चार दिवस. गोव्याचा शिगमो आणि रत्नागिरी-सिंधुदुर्गातला शिमगा फाल्गुनी पौर्णिमेभोवती. २०२७ मध्ये कार्निव्हल ६ ते ९ फेब्रुवारीला येतो आणि होळी मार्चच्या २१-२२ तारखेला. सहा आठवड्यांचं अंतर, म्हणजे एका रजेत दोन्ही बसत नाहीत.

लहान मुलं बरोबर असतील आणि दोनच दिवस हाताशी असतील तर कार्निव्हल. कार्निव्हलचा राजा किंग मोमो, रंगीत चित्ररथ, ब्रास बँड, सगळं दुपार ते संध्याकाळ आटोपतं. साधारण क्रम असा: शनिवारी पणजी, रविवारी मडगाव, सोमवारी वास्को, मंगळवारी म्हापसा. पणजीचा मार्ग बदलत असतो, तो आदल्या दिवशी नक्की करून घ्या. फसगत होते ती गाडीमुळे. मिरवणुकीचे रस्ते आधीच बंद होतात आणि मांडवीच्या पुलांवर कोंडी होते. मुक्काम पायी जाता येईल इतका जवळ घ्या, नाहीतर गाडी शहराबाहेर ठेवून बसने या. रेल्वेने येणाऱ्यांना पणजीसाठी करमळी स्टेशन जवळचं. उभं राहायचं ते मार्गाच्या पहिल्या निम्म्या भागात. पुढे नाचणारे दमतात, दोन रथांमधलं अंतर वाढत जातं आणि मुलं कंटाळतात.

सकाळ मोकळीच असते. जुन्या गोव्याची चर्च बघून तिथूनच फेरीबोटीने दिवाडी बेटावर जाता येतं. पक्ष्यांची आवड असेल तर रायबंदरहून फेरीने चोडण, तिथे सलीम अली अभयारण्य. दक्षिण गोव्यातल्या सासष्टीच्या गावांत याच दिवसांत, म्हणजे तिथल्या भाषेत इंत्रुजात, खेळ तियात्र ही कोंकणी लोकनाट्यं होतात. कोंकणी समजत असेल तर ते चुकवू नका.

शिगमोची मिरवणूक रात्रीची. रोमटामेळ, म्हणजे नाचणाऱ्यांचा जथा, ढोल-ताशाच्या दणक्यात ‘ओस्सय ओस्सय’ करत येतो, मागून घोडेमोडणी: कमरेला लाकडी घोड्याचं तोंड, हातात तलवार, पायात घुंगरू. ताल ऐकायचा असेल तर कार्निव्हलपेक्षा शिगमो कितीतरी सरस. पण मिरवणूक उशिरापर्यंत लांबते आणि परतीची बस मिळत नाही. भाड्याची गाडी आधीच ठरवा.

शिमग्याची गोष्टच वेगळी. तिथे प्रेक्षकांसाठी काही मांडलेलं नसतं, देव घरी येतो. ग्रामदेवतेची पालखी सहाणेवर, म्हणजे तिच्या ठरलेल्या चौथऱ्यावर, बसते, मग घरोघर फिरते. दारात सडा-रांगोळी, सुवासिनी ओटी भरतात. पालखी नाचवताना ढोलाची लय चढत जाते, खांदेकरी गुडघ्यात वाकतात आणि पालखी एका झोक्यात वर जाते. त्या क्षणी फोटोसाठी समोर घुसू नका, खांदेकऱ्यांना वळायला जागा लागते. चपला बाहेर काढा आणि फोटो काढण्याआधी मानकऱ्यांना विचारा. कुठे तेरसेला होळी, कुठे पौर्णिमेला. पालखी कोणत्या दिवशी कोणत्या वाडीत, हे गावातल्या माणसालाच ठाऊक. म्हणून ओळखीचं घर नसेल तर रत्नागिरी शहरात मुक्काम करा आणि श्री देव भैरीचा शिमगोत्सव बघा. रत्नदुर्ग, थिबा राजवाडा तिथेच, आरे-वारेच्या किनाऱ्याने गणपतीपुळे जवळपास २५ किलोमीटर. सिंधुदुर्गाकडे ओढा असेल तर कुडाळला उतरून नेरूरचं रोंबाट, म्हणजे तिथली शिमग्याची मिरवणूक, आणि मालवणचा किल्ला.

खरी अडचण तिकिटाची. शिमग्याला चाकरमानी गावी निघतात आणि कोकण रेल्वेचं आरक्षण उघडताच भरतं. ते ६० दिवस आधी, सकाळी ८ वाजता उघडतं. २० मार्च २०२७ च्या गाडीसाठी १९ जानेवारीला तयार बसा.