अमेरिकन प्रेसिडेन्सी प्रोजेक्ट: काही महिने वापरल्यानंतर

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांता बार्बरा शाखेचं हे संकेतस्थळ. जॉन वूली आणि गेरहार्ड पीटर्स यांनी १९९९ मध्ये सुरू केलेलं, फुकट आणि दिसायला अगदी रुक्ष. अमेरिकी राष्ट्राध्यक्षांची भाषणं, पत्रकार परिषदा, आदेश, काँग्रेसला, म्हणजे अमेरिकी संसदेला, धाडलेली पत्रं असं सगळं इथे तारखेनुसार लावून ठेवलंय. मी ते एकाच कामासाठी वापरते. ९/११ नंतर व्हाइट हाउसमधला माणूस बदलला की दहशतवादाविरुद्धची लढाई खरंच किती बदलते, हे मूळ कागदांवरून ताडून पाहायचं होतं.

पहिली सूचना: शोधपेटीत नुसतं ‘टेररिझम’ टाकू नका, ढिगाखाली गाडले जाल. राष्ट्राध्यक्ष निवडा, मग तारीख आणि मग कागदाचा प्रकार. एवढं जमलं की संग्रह हाताला लागतो.

सुरुवात सगळे करतात तशी मीही गाजलेल्या भाषणांपासून केली. २० सप्टेंबर २००१ चं बुश यांचं काँग्रेसपुढचं भाषण, जानेवारी २००२ मधलं इराक, इराण आणि उत्तर कोरियाला एका माळेत ओवणारं भाषण, मग १ मे २००३ चं ‘अब्राहम लिंकन’ या विमानवाहू नौकेवरचं. या शेवटच्या भाषणात ‘मिशन अकम्प्लिश्ड’ हे शब्द शोधून पाहा, सापडणार नाहीत. ते मागच्या फलकावर होते, बुश यांच्या तोंडी नव्हते. इराकमधली मोठी लढाई संपली, असं मात्र त्यांनी म्हटलं होतं. वर्तमानपत्रांनी फलक लक्षात ठेवला. कागदात तो नाही, कारण इथे फक्त बोललेलं आणि लिहिलेलं जमा होतं.

पण भाषणांचा मला लवकरच कंटाळा आला. खरा माल आहे तो पत्रांत. १९७३ च्या वॉर पॉवर्स ठरावामुळे राष्ट्राध्यक्षांना लढाऊ सैन्य कुठे पाठवलंय ते काँग्रेसला कळवावं लागतं. त्यातून दर सहा महिन्यांनी, साधारण जून आणि डिसेंबरमध्ये, एकत्रित पत्र जातं. भाषा थेट सरकारी, शेवटी गोपनीय पुरवणीचा उल्लेख. अशी पत्रं ओळीने वाचत गेलं की देशांची यादी लांबत जाताना दिसते: अफगाणिस्तान, इराक, येमेन, सोमालिया, लिबिया, सीरिया, नायजर. फेब्रुवारी २०१३ मध्ये ओबामांनी नायजरमध्ये सुमारे १०० सैनिक असल्याचं स्वतंत्र पत्राने कळवलं होतं. ऑक्टोबर २०१७ मध्ये तिथल्या टोंगो टोंगोजवळ चार अमेरिकी सैनिक मारले गेले, तेव्हा सिनेटर लिंडसे ग्रॅहम म्हणाले की आपलं हजारभर सैन्य तिथे आहे हे मला ठाऊकच नव्हतं. तोवर त्या देशाचं नाव पत्रांतून कितीदा तरी येऊन गेलं होतं! पत्रं कोण वाचतं म्हणा.

बहुतेक पत्रांत एकाच कायद्याचा आधार भेटतो. १८ सप्टेंबर २००१ रोजी बुश यांनी सही केलेला, लष्करी बळ वापरण्याची मुभा देणारा हा कायदा. त्याचं मुख्य वाक्य जेमतेम ६० शब्दांचं आहे. त्यात मुदत नाही, भूगोल नाही. प्रतिनिधिगृहात विरोधात एकच मत पडलं, बार्बरा ली यांचं. त्याच ६० शब्दांवर बुश, ओबामा, ट्रम्प आणि बायडन असे चौघे चालले. मे २०१३ मध्ये नॅशनल डिफेन्स युनिव्हर्सिटीतल्या भाषणात ओबामा म्हणाले होते की हा अधिकार आटोपता घेऊन शेवटी रद्द व्हावा. सप्टेंबर २०१४ मध्ये इसिसविरुद्ध मोहीम जाहीर झाली, तेव्हा त्यांच्या सरकारने पुन्हा त्याच कायद्यावर बोट ठेवलं. फेब्रुवारी २०१५ मध्ये त्यांनी नव्या कायद्याचा मसुदा काँग्रेसकडे पाठवला, तो तिथेच पडून राहिला. मला यात ओबामांच्या दुटप्पीपणापेक्षा काँग्रेसचा अंग काढून घेण्याचा स्वभाव जास्त दिसतो. मत दिलं की जबाबदारी चिकटते.

क्युबातल्या ग्वांतानामो तळावर दहशतवादाचे संशयित डांबलेल्या अमेरिकी तुरुंगाबद्दलचे आदेशही असेच शेजारी ठेवून वाचावेत. २२ जानेवारी २००९ चा ओबामांचा आदेश तुरुंग वर्षभरात बंद करायला सांगतो. ३० जानेवारी २०१८ चा ट्रम्प यांचा आदेश तो चालू ठेवायला सांगतो. ओबामा गेले तेव्हा आत ४१ कैदी होते आणि ट्रम्प यांची पहिली कारकीर्द संपली तेव्हा ४०. ओबामांना कैदी अमेरिकेच्या भूमीवर आणायला काँग्रेसने पैसाच मिळू दिला नाही, हे आदेशाच्या कागदावरून कळत नाही. ते बाहेर शोधावं लागतं.

इथेच या संग्रहाची मर्यादा येते. राष्ट्राध्यक्ष काय म्हणाले ते इथे आहे, त्यांना काय सांगितलं गेलं होतं ते नाही. बिन लादेन अमेरिकेत हल्ला करण्याच्या तयारीत असल्याचं सांगणारं ६ ऑगस्ट २००१ चं गुप्तचर टिपण २००४ मध्ये खुलं झालं. अशा कागदांसाठी जॉर्ज वॉशिंग्टन विद्यापीठातल्या नॅशनल सिक्युरिटी आर्काइव्हकडे जावं. दोन्ही संकेतस्थळं जोडीनेच वापरायची आहेत. दुसरं उदाहरण काबूलचं. ३१ ऑगस्ट २०२१ च्या भाषणात बायडन दुरून हल्ला करण्याच्या क्षमतेचा दाखला देतात. त्याच्या दोनच दिवस आधी काबूलमध्ये झालेल्या अमेरिकी ड्रोन हल्ल्यात १० नागरिक मारले गेले होते, त्यांत ७ मुलं. ही कबुली १७ सप्टेंबरला त्या भागातल्या अमेरिकी फौजांचे प्रमुख जनरल मॅकेन्झी यांनी दिली. फक्त राष्ट्राध्यक्षांचे शब्द वाचत बसलात तर तुमच्या हाती भाषण राहील, कबुली हुकेल.

आपल्याकडच्या वाचकाने नोव्हेंबर २०१० जरूर उघडावा. ६ तारखेला ओबामा ताजमध्ये २६/११ च्या मृतांबद्दल बोलले, पण पाकिस्तानचं नाव घेतलं नाही. त्यावर भारतात बरीच टीका झाली. दुसऱ्या दिवशी सेंट झेवियर्स कॉलेजमध्ये एका विद्यार्थिनीने थेट विचारलं की अमेरिका पाकिस्तानला दहशतवादी राष्ट्र का म्हणत नाही. उत्तर लांबलचक आहे: पाकिस्तानात अतिरेकी आहेत, प्रगती हवी तितक्या वेगाने होत नाही, पण पाकिस्तान स्थिर असण्यात सर्वांत मोठं हित भारताचंच आहे. आठ तारखेला संसदेत सूर थोडा कडक झाला, पाकिस्तानातले अतिरेक्यांचे आसरे मान्य नाहीत असं ते म्हणाले. तीन दिवसांत तीन श्रोतृवर्ग आणि प्रत्येकापुढे वेगळं माप. अफगाणिस्तानातल्या फौजेची रसद तेव्हा कराचीहून जात होती, हे ध्यानात ठेवून वाचलं की हे माप कुठून आलं ते कळतं.

स्पर्धा परीक्षेच्या तयार नोट्स हव्या असतील तर इकडे फिरकू नका. विश्लेषण नाही, नकाशे नाहीत, आणि पत्रांचं कायदेशीर इंग्रजी अंगवळणी पडायला वेळ लागतो. पत्रकार, परराष्ट्र धोरण शिकवणारे आणि वाद घालताना तारीख दाखवायची हौस असलेले यांना मात्र मी हे बेलाशक सुचवेन. वाचताना क्रम उलटा ठेवा. जून आणि डिसेंबरची पत्रं आधी, टाळ्यांची भाषणं नंतर.