मुंबईहून कोकण-गोवा: कुठली गाडी, कुठला डबा, आणि रेल्वे कधी सोडावी

चौघांनी मुंबईहून मडगावला जायचं, तर रेल्वे स्वस्त की आपली कार? उत्तर डब्यावर ठरतं. स्लीपरचं तिकीट माणशी साडेचारशेच्या आतबाहेर, म्हणजे चौघांचे अठराशे. थर्ड एसीला माणशी अकराशे-बाराशे, म्हणजे चौघांचे साडेचार हजारांच्या पुढेमागे. कारने सुमारे ५९० किलोमीटर. लिटरला १५ धरले तर ४० लिटर पेट्रोल, म्हणजे चार हजारांच्या वर, टोल निराळा. थोडक्यात, स्लीपर कारच्या निम्म्याहूनही कमी पैशांत नेतं, पण चौघं थर्ड एसीने निघालात तर पैशाच्या बाबतीत बरोबरी होते. मग गोव्यात पोचल्यावर भाड्याची टॅक्सी किंवा स्कूटर घ्यावी लागणार, हे धरलं की कारचं पारडं जड. एकटे-दुकटे असाल तर कारचा विचारच करू नका. वेळेच्या तुलनेत मात्र मी पडत नाही. मुंबई-गोवा महामार्गाचं चौपदरीकरण २०११ पासून चालू आहे, तेव्हा कारला किती तास लागतील हे ज्याने त्याने आपापल्या नशिबावर ठरवावं.

मधला मार्गही काढून पाहिला गेला. २०२५च्या गणपतीत कोकण रेल्वेने कोलाड ते गोव्यातल्या वेर्णापर्यंत कार रो-रोने, म्हणजे मालगाडीच्या उघड्या डब्यावर चढवून, नेण्याची सोय केली, एका कारला ७,८७५ रुपये, माणसांचं तिकीट वेगळं. आधी कोलाडपर्यंत चालवत जायचं आणि मग एवढे पैसे मोजायचे, हे गणित मला तरी जमलं नाही.

तिकीट हातात आल्यावर आणखी एक गोष्ट खटकते. मुंबई-मडगाव प्रत्यक्ष अंतर पावणेसहाशे-सहाशे किलोमीटर, पण भाडं ७६५ किलोमीटरचं. रोह्याच्या पुढे कोकण रेल्वे सुरू होते आणि तिथे भाड्यासाठी अंतर ४० टक्के वाढवून धरतात. ९१ बोगदे आणि दोन हजारांच्या घरात पूल बांधायला जो पैसा लागला, त्याच्या वसुलीची ही रीत. म्हणजे इतर मार्गांच्या मानाने हा प्रवास महागच आहे, आणि तरीही स्लीपरने गेलात तर खासगी बसच्या आणि कारच्या पुढे तो स्वस्त पडतो.

दिवसाच्या गाड्या

पहाटे सीएसएमटीहून तीन गाड्या पाठोपाठ सुटतात: ५:१०ची जनशताब्दी, ५:२५ची वंदे भारत, ५:५०ची तेजस. वंदे भारत जून २०२३ मध्ये सुरू झाली, तेव्हा मडगावपर्यंत चेअर कारचं भाडं खाणं धरून १,८१५ रुपये होतं. ती पावणेआठ तासांत पोचते. जनशताब्दीला पावणेनऊ तास लागतात आणि तिच्या सेकंड सिटिंगचं आरक्षण तीनशेच्या आसपास. एका तासासाठी सहापट पैसे! त्यात वंदे भारत महाराष्ट्रात रोह्याच्या पुढे फक्त खेड, रत्नागिरी आणि कणकवलीला थांबते. चिपळूण, कुडाळ, सावंतवाडीवाल्यांना ती बिनकामाची. कणकवलीला उतरून कुडाळला रिक्षा-एसटी करण्यात वाचवलेला तास गेलाच. वयस्कर माणसं सोबत असतील, मे महिन्याचा उकाडा असेल आणि मडगाव किंवा थिवीलाच उतरायचं असेल, तर ती घ्या. तेजस ना वंदे भारतइतकी वेगवान, ना जनशताब्दीइतकी स्वस्त. बाकी कशात जागा नसेल तेव्हाची ती गाडी.

या तिन्हींत एक खर्च तिकिटावर दिसत नाही. पहाटे साडेचारला घरून स्टेशनवर यायला टॅक्सी केलीत, तर जनशताब्दीच्या तिकिटापेक्षा तीच महाग पडेल. ठाणे किंवा पनवेलहून चढता येत असेल तर आरक्षण करतानाच चढण्याचं स्टेशन तसं टाका.

माझं मत विचाराल तर पैसे आणि मजा दोन्हींचा मेळ मांडवी एक्स्प्रेसच्या स्लीपरमध्ये बसतो. सकाळी ७:१०ला सुटते, म्हणजे लोकलने आरामात गाठता येते. संध्याकाळी मडगाव, बारा तासांचा प्रवास. घाई असलेल्याने तिच्या वाटेला जाऊ नये. एकेरी मार्गावर वेगवान गाडीला वाट द्यायला ती अधूनमधून बाजूला उभी राहते, पण खिडकी उघडी असते आणि तेवढ्यात पॅन्ट्रीतून गरम काहीतरी येतंच: कांदाभजी, कटलेट, ऑम्लेट-पाव, दुपारी बिर्याणी. या गाडीच्या खाण्याचं नाव कोकणात उगाच झालेलं नाही. रत्नागिरीच्या आधी साडेसहा किलोमीटरचा करबुडे बोगदा लागतो. काळोखात डब्यातली पोरं ओरडायला लागतात आणि एखादे आजोबा खिडकी लावा म्हणून सांगत राहतात. रत्नागिरी सुटली की निवसरच्या आधी पानवल नदीचा पूल, ६४ मीटर उंच. दारात उभं राहून फोटो काढू नका, खिडकीतूनही सगळं दिसतं.

दिवसाच्या स्लीपरमध्ये आरएसी मिळालं तरी घ्या. साइड लोअरवर दोघांनी बसायचं एवढंच, दिवसा तसंही कोण झोपतंय? रात्रीच्या गाडीत मात्र आरएसी म्हणजे पाय मुडपून काढलेली रात्र.

रात्रीच्या गाड्या

कोकणकन्या रात्री ११ नंतर सुटते आणि सकाळी नऊ-दहाला मडगाव. एका रात्रीचं हॉटेल वाचतं, रजेचा दिवसही वाचतो. लहान स्टेशनवर उतरणाऱ्यांनी मध्यरात्री दादरहून सुटणारी सावंतवाडीची तुतारी बघावी. सावर्डा, आरवली, आडवली, विलवडे, नांदगाव अशा, वेगवान गाड्या ढुंकूनही न बघणाऱ्या ठिकाणी ती थांबते.

डब्याचं म्हणाल, तर थर्ड एसी स्लीपरच्या अडीचपट पडतं. डिसेंबर-जानेवारीत रात्री एसीची गरजच नसते, उलट स्लीपरमध्ये शाल लागते. एप्रिल-मेमध्ये पैसे मोजा. सेकंड एसीचे जादा पैसे मुख्यतः पडदा आणि मधला बर्थ नसण्याचे. मला ते कधी पटले नाहीत. पाच वर्षांखालच्या मुलाला तिकीट लागत नाही. पाच ते बारा वयाच्या मुलाला वेगळा बर्थ घेतला तर पूर्ण भाडं, नाही घेतला तर अर्धं. सात-आठ वर्षांचं पोर आईच्या बर्थवर मावतं, हे लक्षात ठेवा.

रेल्वे सोडून एसटी कधी?

इथे रेल्वे हरते, आणि चांगलीच हरते. ज्येष्ठांची सवलत रेल्वेने मार्च २०२० मध्ये बंद केली. एसटीत मात्र ७५ वर्षांवरच्यांना प्रवास फुकट, ६५ ते ७५ वयाला अर्धं तिकीट, आणि मार्च २०२३ पासून सगळ्या महिलांना अर्धं. ही सवलत राज्याच्या हद्दीपर्यंतच, त्यामुळे गोव्यासाठी तिचा पूर्ण फायदा नाही. पण आजी-आजोबांना राजापूरला किंवा देवगडला जायचं असेल तर एसटीच. कारण नुसतं तिकीट नाही: राजापूर रोड स्टेशन राजापूर गावापासून बरंच लांब आहे, देवगडला तर रेल्वेच नाही. स्टेशनवरच्या रिक्षाचे पैसे कधीकधी स्लीपरच्या तिकिटाच्या बरोबरीने जातात. रात्रभर बसून कंबर धरते, हा एसटीचा तोटा आहेच.

खासगी स्लीपर बस तुमच्या गल्लीपर्यंत येते, पण गणपतीत आणि दिवाळीत तिचं भाडं असं फुगतं की विचारू नये. विमान गोव्यापुरतं, आणि तेही तिकीट खूप आधी काढलं तर. येताना आंब्याच्या पेट्या आणायच्या असतील तर स्लीपरमध्ये माणशी ४० किलो सामान मोफत चालतं. विमानात बहुतेक तिकिटांवर १५.

आरक्षण

नोव्हेंबर २०२४ पासून आरक्षण १२० ऐवजी ६० दिवस आधी उघडतं. गणपतीसाठी त्या दिवशी सकाळी आठच्या आधी लॉगिन करून बसा; काही मिनिटांत वेटिंग सुरू होतं. नाही मिळालं तर विशेष गाड्यांच्या घोषणेवर लक्ष ठेवा, त्या बऱ्याचदा उशिरा जाहीर होतात आणि त्यांचं भाडं थोडं जास्त असतं. तत्काळ आदल्या दिवशी एसीसाठी सकाळी १०ला, स्लीपरसाठी ११ला उघडतं. ऑनलाइन काढायचं तर खातं आधारशी जोडलेलं हवं. कन्फर्म तत्काळ रद्द केलं तर एक पैसा परत मिळत नाही, तेव्हा रजा मंजूर झाल्यावरच काढा. पावसाळ्यात वेगळं वेळापत्रक असतं, २०२५ मध्ये ते १५ जून ते २० ऑक्टोबर होतं. गाड्यांचा वेग कमी केलेला असतो, वंदे भारत आठवड्यातून तीनच दिवस धावते. त्या दिवसांत उतरल्यावर पुढची बस लगेच गाठायचं ठरवत असाल तर मध्ये दोन तास मोकळे ठेवा.